बेडकाची वाटणी

घरात वाटण्या होतात तेव्हा भांडी, खोल्या, आंब्याची झाडं वाटून घेता येतात. पण दोन्ही घरांत सारख्याच हक्काने वावरणारं पोर कुणाच्या नावावर लिहायचं? कर्मिट या हिरव्या बेडकाचा इतिहास वाचताना मला हा प्रश्न सारखा पडत राहिला.

१९५५ साली जिम हेन्सन या अठरा वर्षांच्या मुलाने वॉशिंग्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रासाठी ही बाहुली शिवली. कापड आईच्या जुन्या हिरव्या कोटाचं, डोळे पिंगपाँगच्या चेंडूच्या दोन अर्ध्या भागांचे. सुरुवातीला तो बेडूकही नव्हता. बेडूकपण त्याला मागाहून आलं. आपल्या बाहुल्यांना हेन्सनने नाव दिलं ‘मपेट’.

१० नोव्हेंबर १९६९ रोजी लहान मुलांना अक्षरं आणि अंक शिकवणारा ‘सेसमी स्ट्रीट’ हा कार्यक्रम सुरू झाला. तो काढणारी चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन वर्कशॉप ही संस्था नफ्यासाठी चालणारी नव्हती. बर्ट, अर्नी आणि बिग बर्ड खास त्या गल्लीतले. कर्मिट आधीपासूनचा, तरी तोही तिथे बातमीदाराचा कोट-टोपी घालून हजर असे. खेळण्यांच्या विक्रीचं उत्पन्न संस्था आणि हेन्सन वाटून घेत. पात्रांची मालकी मात्र हेन्सनकडे होती. पुढे १९७६ साली ‘द मपेट शो’ आला आणि कर्मिट तिथला सूत्रधार झाला. एकाच बेडकाची दोन घरं झाली, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण दोन्हीकडे हात एकच होता.

१९८७ च्या नाताळच्या खास कार्यक्रमात ‘मपेट शो’, ‘सेसमी स्ट्रीट’ आणि ‘फ्रॅगल रॉक’ या तिन्ही मालिकांतली पात्रं एकाच घरात जमली. शेवटी खुद्द हेन्सन दिसतो, स्वयंपाकघरात, भांडी घासायला निघालेला.

१९८९ साली त्याने आपली कंपनी डिस्नेला विकायचं ठरवलं. पण सेसमी स्ट्रीटची पात्रं त्याने त्या व्यवहारातून मुद्दाम बाहेर ठेवली. १६ मे १९९० रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी तो अचानक गेला आणि वर्षाअखेर बोलणी फिसकटली. २००० साली वारसांनी कंपनी ‘ईएम टीव्ही’ या जर्मन कंपनीला ६८ कोटी डॉलरना विकली. ती लवकरच आर्थिक अडचणीत आली. तेव्हा सेसमी स्ट्रीटची पात्रं वर्कशॉपने विकत घेतली, उरलेली कंपनी २००३ मध्ये कुटुंबाने परत मिळवली आणि २००४ मध्ये कर्मिट आणि त्याची मंडळी डिस्नेकडे गेली. ‘फ्रॅगल रॉक’ हेन्सन कुटुंबाकडेच राहिलं.

नाताळच्या त्या एका घरातली माणसं अशी तीन मालकांकडे विखुरली. ‘मपेट’ हा शब्दसुद्धा डिस्नेकडे गेला. कर्मिट जुन्या गल्लीत त्यानंतर क्वचितच फिरकला.

या गोष्टीत मला कुणी खलनायक दिसत नाही. वर्कशॉपला मालकी मिळाली म्हणून मुलांची पात्रं बाजारात पुन्हा या हातातून त्या हातात जाण्यापासून वाचली. याच संस्थेच्या सहभागाने २००६ मध्ये आपल्याकडे हिंदीत ‘गली गली सिम सिम’ आलं, चमकी आणि बूम्बा आले. हेन्सननंतर कर्मिटलाही स्टीव्ह व्हिटमायरचा हात आणि आवाज मिळाला. म्हणजे आवाज एकाकडून दुसऱ्याकडे सोपवता येतो. आम्ही अनुवादक तर त्यावरच जगतो. हरवतो तो शेजार. करारात पात्राचं नाव, चेहरा, खेळणी, चित्रपट असं सगळं लिहिता येतं. बर्ट-अर्नीच्या दारात कर्मिटने सहज डोकावणं मात्र कुठल्याच कलमात बसत नाही. ते कलमात बसवायची वेळ आली, की त्यातला सहजपणा गेलेला असतो.

काही वर्षांपूर्वी मी एका दिवंगत लेखकाच्या कथांचा मराठी अनुवाद करत होते. एक म्हातारी त्यांच्या अनेक कथांतून येते-जाते. निम्म्या कथांचे हक्क एका वारसाकडे होते, निम्म्यांचे दुसऱ्याकडे. दुसऱ्याने परवानगी दिली नाही. माझ्या पुस्तकात ती म्हातारी दार उघडून बाहेर पडते आणि परत येतच नाही. वाचक विचारतात, पुढे तिचं काय झालं? मला ते ठाऊक आहे, पण छापता येत नाही.

हल्ली परवानगीचं पत्र लिहिताना मी नुसती कथांची यादी देत नाही. त्यातली माणसं आणखी कुठे कुठे राहतात आणि त्या घरांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हे आधी विचारून घेते.