चित्रपटचर्चा व रसिकमंडळे : नागपूर-विदर्भ

चित्रपट पाहून झाल्यावर प्रेक्षकांनी परस्परांत केलेली मतांची देवाणघेवाण म्हणजे चित्रपटचर्चा. वृत्तपत्रीय परीक्षणाहून ती निराळी असते. परीक्षणात एक जण लिहितो व पुष्कळ जण वाचतात. चर्चेत मात्र प्रत्येक जण पाहणारा असतो आणि बोलणाराही. तिची दोन रूपे इतिहासात आढळतात. पहिले चित्रपटगृहाबाहेरचे : मध्यंतरात, खेळ सुटल्यावर, पानठेल्यावर, कचेरीत किंवा महाविद्यालयाच्या आवारात होणारे मोकळे बोलणे. दुसरे संघटित : वर्गणीदार सभासदांच्या मंडळात, निवडलेला चित्रपट पाहून मुद्दाम घडवून आणलेली चर्चा. दुसऱ्या रूपाची माहितीपत्रके, अहवाल व नियतकालिके उपलब्ध असतात, त्यामुळे तिचा इतिहास लिहिला गेला. पहिल्या रूपाची नोंद जवळजवळ कोणीच ठेवली नाही. नागपूरसारख्या शहराच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण तेथील चित्रपटप्रेम प्रामुख्याने पहिल्या प्रकारचे आहे.

प्रेक्षकाचे मत जाणून घेण्याची गरज भारतीय चित्रपटाच्या जन्मापासूनच भासली. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी सर्वांसाठी लावला. परंतु त्यापूर्वी २१ एप्रिल रोजी ऑलिंपिया चित्रपटगृहात निमंत्रितांना तो दाखविण्यात आला होता. प्रतिष्ठितांचे मत आधी व तिकीट काढणाऱ्यांचे मागून, हा क्रम पुढे दीर्घकाळ टिकला. ब्रिटिश सरकारने दिवाणबहादुर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने देशभर फिरून ३५३ साक्षीदार तपासले व १९२८ मध्ये अहवाल सादर केला. मूकपटांच्या काळातील चित्रपटविषयक मतांचे एवढे मोठे संकलन दुसरे नाही. तथापि साक्षीदारांत अधिकारी, व्यावसायिक, शिक्षणतज्ज्ञ व समाजधुरीण यांचा भरणा होता. चार आण्यांच्या जागेवर बसणाऱ्या प्रेक्षकाविषयी या मंडळींनी पुष्कळ सांगितले; त्याचे स्वतःचे म्हणणे मात्र अहवालात फारसे ऐकू येत नाही.

नागपूरच्या प्रेक्षकाची घडण समजून घेण्यासाठी शहराची प्रशासकीय व व्यापारी स्थिती ध्यानात घ्यावी लागते. १८६१ पासून नागपूर हे मध्य प्रांताचे मुख्य ठाणे होते. १९०३ मध्ये वऱ्हाड या प्रांताच्या कारभारास जोडला गेला. १९५० साली प्रांताला मध्य प्रदेश हे नाव मिळाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा घटक बनला. राजकीय नकाशा असा तीनदा बदलला, पण चित्रपटांच्या वितरणाचा नकाशा बदलला नाही. चित्रपटव्यवसायाने देशाचे जे वितरण-विभाग पाडले, त्यांत नागपूर मुंबई विभागात येत नाही, ते ‘सी. पी. बेरार’ या विभागात मोडते आणि त्या विभागाची वितरकांची पेढी-बाजारपेठ अमरावती व भुसावळ येथे वाढली. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या व्यावसायिक संघटनेचे मुख्य ठाणेही भुसावळचेच. अस्तंगत झालेला एक प्रांत आजही आठवड्याच्या उत्पन्नाच्या आकड्यांत नांदतो आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाला गमतीचे वाटल्यावाचून राहत नाही.

या विभागणीचे परिणाम किरकोळ नव्हते. मुंबई विभागासाठी काढलेल्या प्रती मुंबई-पुण्यात चालत. विदर्भासाठी वितरकाने स्वतंत्र हक्क विकत घ्यावे लागत. हिंदी चित्रपटाला संपूर्ण विभागात, म्हणजे विदर्भासह महाकोशल व छत्तीसगडातही, प्रेक्षक मिळे. मराठी चित्रपटाचा प्रेक्षक विभागाच्या एका भागापुरताच. त्यामुळे मराठी चित्रपटाचे हक्क घेण्यात वितरकाला जोखीम अधिक वाटे, आणि पुणे-कोल्हापुरात गाजलेले चित्रपट नागपुरास पुष्कळदा उशिरा पोहोचत. चित्रपटाच्या आधी त्याविषयीचे मत येथे येई : मुंबईच्या वृत्तपत्रांतून, नाशिकच्या ‘रसरंग’सारख्या साप्ताहिकांतून किंवा सुटीत पुण्यास जाऊन आलेल्या नातलगांच्या तोंडून. नागपूरकराचे मत बनण्याची प्रक्रिया अशा रीतीने दुसऱ्याच्या मताशी वाद घालण्यापासून सुरू होई. बाजारात हिंदी व घरी मराठी बोलणाऱ्या या शहरात एकाच चित्रपटाविषयी दोन भाषांत बोलले जाई, ही आणखी एक विशेष बाब. हिंदी संवाद जसेच्या तसे उद्‌धृत करून त्यावर मराठीत भाष्य करणे ही नागपुरी चित्रपटचर्चेची सवय पुणेकर श्रोत्यास चटकन जाणवते.

चित्रपटगृहांना येथे ‘टॉकीज’ म्हणण्याचा प्रघात बोलपटांचे नावीन्य ओसरल्यावरही टिकून राहिला. सीताबर्डीवरील व्हरायटी व जानकी, सदरमधील लिबर्टी, वर्धा मार्गाकडील पंचशील ही नावे शहराच्या भूगोलाचा भाग बनली. व्हरायटी चौक व पंचशील चौक ही नावे टॉकीजवरूनच पडलेली आहेत. या टॉकीजच्या परिसरातील पानठेला हे मतप्रदर्शनाचे मुख्य स्थान. शुक्रवारी पहिला खेळ सुटला की बाहेर थांबलेले लोक आतून येणाऱ्यांचे चेहरे पाहत व ‘कसा आहे?’ एवढेच विचारीत. उत्तर दोन-तीन शब्दांचे असे, परंतु त्याला व्यापारी वजन होते. ‘मिनिमम गॅरंटी’ भरून चित्रपट घेतलेल्या वितरकाचे भवितव्य सोमवारपर्यंत या दोन-तीन शब्दांनी ठरत असे. चित्रपट पडतो किंवा उचलतो, ही व्यवसायाची क्रियापदे खरे तर प्रेक्षकांच्या तोंडी निकालाचीच आहेत. त्या निकालाची कारणे मात्र उत्पन्नाच्या वहीत लिहिली जात नसत. तेथे केवळ आकडा उतरे.

सामान्य प्रेक्षकाच्या मताला लिखित व श्राव्य वाट मिळवून देणारी साधने दोन होती. बाबूराव पटेल यांनी १९३५ साली मुंबईत सुरू केलेल्या ‘फिल्म इंडिया’ या इंग्रजी मासिकात वाचकांच्या प्रश्नांना संपादक तिखट उत्तरे देत. हे सदर लोकप्रिय झाले व देशी भाषांतील चित्रपट-साप्ताहिकांनी प्रश्नोत्तरांचा तो साचा उचलला. प्रश्नकर्त्याचे नाव व गाव छापून येई, आणि आपल्या गावाचे नाव छापून आलेले पाहण्याचा आनंद उत्तराइतकाच मोठा असे. दुसरे साधन नभोवाणी. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले; परंतु चित्रपटगीतांच्या बाबतीत श्रोत्यांची पसंती गोळा करण्याचे काम १९५२ पासून रेडिओ सिलोनवरील अमीन सयानी यांच्या ‘बिनाका गीतमाला’ने अधिक पद्धतशीरपणे केले. गावोगावच्या श्रोतासंघांकडून येणारा कौल व ध्वनिमुद्रिकांची विक्री यांवरून गीतांचा क्रम ठरे. मतदानाचा हक्क नुकताच मिळालेल्या देशात हा कौल लोकांनी फार गांभीर्याने घेतला.

संघटित चर्चेची परंपरा युरोपीय आहे. फ्रान्समध्ये लुई देल्यूक याने १९२० च्या सुमारास ‘सिने-क्लब’ ही कल्पना मांडली; लंडनची फिल्म सोसायटी १९२५ साली निघाली. व्यापारी चित्रपटगृहांत न येणारे व परिनिरीक्षणात अडकलेले चित्रपट सभासदांना दाखविणे हा त्यांचा हेतू. भारतात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त प्रभृतींनी ५ ऑक्टोबर १९४७ रोजी स्थापिलेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीने या परंपरेला स्थिर रूप दिले. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे गेलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ व ‘राशोमोन’ पाहावयास मिळाले आणि एक पिढी हलली. १३ डिसेंबर १९५९ रोजी फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही शिखर संस्था सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली अस्तित्वात आली. तिच्या उभारणीत विजया मुळे (१९२१–२०१९) या मराठी विदुषीचा वाटा मोठा आहे. पाटणा व नंतर दिल्ली येथे मंडळे चालविण्याचा अनुभव त्यांच्यापाशी होता. महाराष्ट्राबाहेर राहिल्यामुळे मराठी लेखनात त्यांचा उल्लेख अभावानेच येतो, हे योग्य नाही.

महाराष्ट्रात मुंबईची फिल्म फोरम (बासू चटर्जी व अरुण कौल हे तिचे चालक) व १९६८ साली स्थापन झालेले प्रभात चित्र मंडळ ही दोन केंद्रे महत्त्वाची. सुधीर नांदगावकर यांनी प्रभातच्या द्वारे मराठीतून चर्चा करण्याचा आग्रह धरला. तोवर विदेशी चित्रपटांविषयी गंभीरपणे बोलावयाचे तर इंग्रजीतच, असा समज होता. पुण्यात १९८५ साली आशय फिल्म क्लब निघाला. या सर्वांचा कणा पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) हा होता. पी. के. नायर यांनी तेथे चित्रपट जमविले व मंडळांना सोळा मिलिमीटरच्या प्रती पुरविण्याची व्यवस्था उभी केली. फिल्म इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापक सतीश बहादूर यांनी संग्रहालयाच्या सहकार्याने दरवर्षी उन्हाळ्यात चालविलेल्या चित्रपट रसास्वाद वर्गातून जिल्ह्याजिल्ह्यांतील शिक्षक, वकील, डॉक्टर व बँक कर्मचारी शिकून गेले आणि त्यांनी आपापल्या गावी मंडळे काढली.

अशा मंडळाचा खेळ कसा होई, हे सांगणे आवश्यक आहे, कारण ती रीत आता लोपली आहे. प्रतीची पत्र्याची पेटी रेल्वेने येई. ती वेळेवर न आल्यास सभासदांना परत पाठवावे लागे. महाविद्यालयाच्या किंवा ग्रंथालयाच्या सभागृहात प्रक्षेपक मांडला जाई, रीळ बदलताना दिवे लागत व त्या दोन मिनिटांत कुजबुज होई. दिग्दर्शकाची माहिती देणारे चक्रमुद्रित टिपण आधी हाती पडे. खेळानंतर निम्मे सभासद उठून जात. उरलेल्यांची चर्चा रखवालदार किल्ल्या वाजवू लागेपर्यंत चाले. प्रत दुसऱ्या दिवशी पुढील गावी रवाना व्हावयाची असल्याने चित्रपट पुन्हा पाहून वाद मिटविण्याची सोय नव्हती. स्मरणावरच भिस्त असल्यामुळे प्रसंगांचा क्रम, कॅमेऱ्याची जागा, प्रकाश यांचे बारकाईने निरीक्षण करण्याची सवय सभासदांना लागली. मराठीतील चित्रपटसमीक्षेची परिभाषा पुष्कळशी याच बैठकांत घडली. अरुण खोपकर यांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) या ग्रंथातील सूक्ष्म निरीक्षण ज्या वाचकवर्गाला रुचले, तो वर्ग या बैठकांनी तयार केलेला होता.

चळवळीच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. फिल्म सोसायट्यांच्या खाजगी खेळांना केंद्र सरकारने परिनिरीक्षणातून सूट दिली होती. १९७० नंतरच्या दशकात सभासदसंख्या फुगली, तिचे एक कारण हीच सूट होते, ही गोष्ट चळवळीतील धुरिणांनीही नाकारली नाही. त्याहून मोठी मर्यादा सामाजिक होती. मंडळाचा सभासद प्रायः शिक्षित, नोकरदार, मध्यमवर्गीय. टॉकीजमधल्या चर्चेला तो गोंगाट समजे, आणि टॉकीजच्या प्रेक्षकाला मंडळाचा पत्ताही नसे. नागपुरात ही दरी अधिक बोचते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर या शहरातील वस्त्यांमध्ये वाचन, सभा, गायनपार्ट्या व वाद-विवाद यांची जी सशक्त परंपरा वाढली, तिच्यातून आलेला प्रेक्षक चित्रपटाकडे ‘यात आम्ही कोठे आहोत?’ हा प्रश्न घेऊन पाहत होता. रसास्वादाच्या पाठ्यक्रमात या प्रश्नाला जागा नव्हती. आकृतिबंधाची चर्चा करणाऱ्यांना तो कलाबाह्य वाटला. माझ्या मते चळवळीची ही सर्वांत मोठी चूक होय.

रंगीत दूरचित्रवाणी (१९८२), पाठोपाठ आलेल्या व्हिडिओ कॅसेटी आणि पुढे तबकड्या यांनी दुर्मिळतेवर उभी असलेली मंडळे खिळखिळी केली. रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांतील पारितोषिकप्राप्त चित्रपट घरबसल्या दिसू लागले. चित्रपट मिळाला, पण तो पाहून थांबलेली माणसे मिळेनाशी झाली. एकविसाव्या शतकात महोत्सवांनी ही जागा काही अंशी घेतली. नागपुरात ऑरेंज सिटी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला व त्यास तरुण प्रेक्षक लाभला.

वर उल्लेखिलेल्या दोन प्रवाहांची गाठ नागपूरच्या संदर्भात पडली ती दोन चित्रपटांमुळे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला (२०१४) व्हेनिसच्या महोत्सवात व नंतर राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून मान मिळाला. त्यातील लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार हे व्यावसायिक नट नव्हते. ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक व चळवळीतील कार्यकर्ते म्हणून नागपूर त्यांना ओळखत होते (निधन : नागपूर, एप्रिल २०२१). या चित्रपटात सरकारी वकील कुटुंबासह एक मराठी नाटक पाहावयास जातात. परप्रांतीयांची टर उडविणाऱ्या त्या नाटकाला प्रेक्षागृह हसून दाद देते. येथे कॅमेऱ्याचा विषय प्रेक्षक हाच आहे. रसास्वादाच्या बैठकीत वाढलेल्यांना त्या दृश्याची स्थिर चौकट दिसली आणि वस्तीतल्या प्रेक्षकाला ते हसणे ऐकू आले. दोघांनाही एकाच दृश्याविषयी बोलावे लागले.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (४ मार्च २०२२) तर नागपुरातच घडतो. झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकविणारे निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला असून मुलांच्या भूमिकांसाठी नागपूरच्या वस्त्यांतून मुले निवडण्यात आली. अमिताभ बच्चन यांच्यासारखा नट व आंबेडकर जयंतीचा सोहळा एकाच हिंदी चित्रपटात दिसल्यामुळे चर्चा चित्रपटाच्या लांबीपासून प्रतिनिधित्वापर्यंत सर्वत्र फिरली. गोष्ट सैल आहे, असे म्हणणारे होते. आपली बोली पडद्यावर प्रथमच नीट ऐकली, असेही म्हणणारे होते. दोन्ही मते सकारण होती.

या इतिहासाची साधने विखुरलेली आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (२०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन) भित्तिपत्रके, गीतपुस्तिका व छायाचित्रे आहेत. नागपूरच्या दैनिकांच्या जुन्या अंकांत जाहिराती व वाचकांची पत्रे आहेत. अमरावती-भुसावळच्या वितरकांच्या वह्यांपैकी ज्या शिल्लक असतील त्यांत आठवड्याचे आकडे आहेत. एकपडदा टॉकीज मोठ्या संख्येने बंद पडल्यामुळे तिकीटविक्रेते, प्रक्षेपक चालविणारे, फलक रंगविणारे व शेजारचे पानठेलेवाले यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम प्रथम हाती घ्यावयास हवे. वह्या व अंक काही काळ थांबू शकतात.