मॅक्सिमच्या पोराचं नळकांडं

हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४ साली मशीनगन बनवली, ती देशोदेशीच्या फौजांना विकली, इंग्लंडात ‘सर’ झाले आणि बंदुकांच्या दणदणाटात कान गमावून बसले. अमेरिकेत मागे सोडलेला त्यांचा मुलगा हायरम पर्सी. त्याने बंदुकीचा आवाज दाबणारं नळकांडं काढलं. बापाच्या बहिरेपणावरून मुलाला युक्ती सुचली, अशी गोष्ट रचायचा मोह कुणालाही होईल. पर्सीने स्वतः सांगितलेली हकिकत मात्र न्हाणीघरातली आहे. टबातलं पाणी वाहून जाताना भोवरा धरतं आणि रेंगाळत जातं. नळीतून सुटणारा वायूही असाच गरगरत ठेवला तर, असं त्याच्या मनात आलं.

बार निघतो तेव्हा दारूचा तापलेला वायू गोळीपाठोपाठ एकदम बाहेर उसळतो, आणि तो धडाका मुख्यतः त्याचाच असतो. पर्सीने नळीच्या तोंडावर एक डबा बसवला आणि आत भोकं पाडलेल्या चकत्या ओळीने रचल्या. गोळी भोकांतून सरळ जाते. वायू चकत्यांच्या मधे अडकतो, फिरतो, निवतो आणि दमादमाने बाहेर पडतो. सोडावॉटरची बाटली फाडकन न उघडता हलक्या हाताने उघडावी, तसं. ३० मार्च १९०९ रोजी त्याला पेटंट मिळालं. पहिल्या नमुन्यांत डबा नेम धरायच्या माशीच्या आड येई. म्हणून १९१० च्या नमुन्यात भोक मध्यावर न ठेवता वरच्या बाजूला सरकवलं. ही दुरुस्ती मला मूळ शोधापेक्षाही आवडते. ती गिऱ्हाइकाच्या खांद्याशी उभं राहून केलेली आहे.

गिऱ्हाईक होतं परसात निशाणेबाजी करणारं आणि शिकारी. थिओडोर रूझवेल्ट यांच्या एका विंचेस्टर रायफलीवरही मॅक्सिमचं नळकांडं होतं. गुप्तहेर आणि मारेकरी या कथेत पुढे आले, ते दुसऱ्या महायुद्धाने आणि सिनेमाने आणले. सिनेमातला तो ‘फुस्स’ आवाज शिकारीच्या रायफलीतून कधीच येत नाही. अशा रायफलीचा बार १६० डेसिबलच्या पुढे जातो. नळकांडं त्यातून वीस-तीस डेसिबल कापतं. शिवाय ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर गोळी ८०० च्या आसपास धावते. हवा फाडत जाण्याचा तिचा कडाका कुठलाही डबा दाबू शकत नाही.

१९३४ साली टोळीयुद्धांनी हैराण झालेल्या अमेरिकेने मशीनगनबरोबर सायलेन्सरवरही नोंदणी आणि २०० डॉलरचा कर लादला. मूळ वस्तू अवघ्या काही डॉलरची! मॅक्सिमची कंपनी तोवर इंजिनांचे आवाज दाबण्याच्या धंद्यात शिरली होती, म्हणून तरली. करही मोठा चिवट निघाला. महागाई कुठल्या कुठे गेली, तो २०० वरच राहिला, आणि २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरपुरता शून्यावर आला. नोंदणी मात्र कायम आहे.

नॉर्वे आणि न्यूझीलंडमध्ये हेच नळकांडं शिकारीच्या दुकानात बिनबोभाट मिळतं. गावाजवळ बार काढताना ते लावणं तिथे शेजारधर्मच समजतात. तिथल्या शिकाऱ्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. १४० डेसिबलच्या वरचा एकच दणका कान कायमचा अधू करू शकतो. कानात बोळे घातले तर सावजाची चाहूल लागत नाही, म्हणून बरेच शिकारी ते घालत नाहीत, आणि सोबतच्या कुत्र्याला तर कुणी विचारतच नाही. रायफलीचा धक्काही कमी बसतो. चाप ओढताना माणूस दचकत नाही, नेम चुकून जखमी जनावर रानात निसटण्याची शक्यता घटते.

गैरसोयीही आहेत. रायफल वीतभर लांब होते, टोकाला जड होते आणि झुडपांत अडकते. लागोपाठ बार काढले की तापलेल्या डब्यावरची हवा दुर्बिणीसमोर थरथरते. डबा काढला-घातला की गोळी थोडी इकडेतिकडे पडते, नेम पुन्हा जुळवावा लागतो. पण या झाल्या शिकाऱ्याच्या अडचणी, आणि त्या तो सोसू शकतो.

खरा पेच दुसरीकडे आहे. बाराचा आवाज जसा शिकाऱ्याच्या कानावर पडतो, तसाच रानात फिरणाऱ्या परक्या माणसाच्या आणि गस्तीवरच्या वनरक्षकाच्याही. शिकाऱ्याला तो त्रास, बाकीच्यांना इशारा. सह्याद्रीच्या उतारावर चोरून डुक्कर मारणाऱ्याची ठासणीची बंदूक वाजली, तर निदान कुठल्या अंगाला धावायचं एवढं तरी कळतं. दबलेला बार लांबवर पोचत नाही, आणि नुसत्या गोळीच्या कडाक्यावरून नेमबाज कुठे उभा आहे हे ताडणं कठीण असतं. आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात आणि आपल्या काझीरंगात गेंडे मारणाऱ्या टोळ्यांनी सायलेन्सर जवळ केले ते याचसाठी. म्हणून मला नॉर्वेच्या शिकाऱ्याचा युक्तिवाद नॉर्वेपुरताच मान्य आहे. तिथे कोण, कुठे, काय मारतो आहे याचा हिशेब परवान्यात असतो. आवाजावर विसंबायची वेळ येत नाही.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने आवाज वा ठिणगी कमी करणारी जोडवस्तू बंदुकीच्या व्याख्येतच घातली आहे. म्हणजे नुसता डबा जवळ बाळगला तरी कायद्याच्या लेखी ती बंदूकच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारही संपवली. तेव्हा कानांच्या बचावासाठी हे नळकांडं मागायला भारतात हौशी शिकारी उरलेलाच नाही. रानात ते सापडलं, तर ते चोरट्याचंच निघण्याची शक्यता अधिक.