मेटल डिटेक्टर घेऊन जायचे कुठे?

इंग्लंडच्या सफोक परगण्यात हॉक्सन नावाचे खेडे आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी तेथील एका शेतात एरिक लॉज हे गृहस्थ शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा मेटल डिटेक्टरने शोधत होते. यंत्र वाजले ते रोमन काळातील पुरून ठेवलेल्या धनावर. त्यात १४ हजार ८६५ नाणी, दागिने आणि चांदीचे चमचे असा ऐवज निघाला. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

अशा कथा ऐकल्या की हा छंद केवळ दैवाधीन असल्याचा समज होतो. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे धातुशोध करणारी मंडळी मात्र यंत्रापेक्षा नकाशावर अधिक वेळ घालवतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील कोणाला या छंदाची ओढ लागली असेल, तर महागडे यंत्र घेण्याआधी आपल्या घराभोवतीच्या चार-पाच मैलांचा जुना नकाशा न्याहाळावा.

एकोणिसाव्या शतकातील 'ऑर्डनन्स सर्व्हे'चे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. आजच्या उपग्रहचित्रावर ते ठेवून पाहता येतात. नकाशात असलेले पण आज नाहीसे झालेले घर, मोडलेली पायवाट, नदीचा उतार, विहीर, दोन रस्त्यांचा जुना तिठा अशा खुणा टिपून ठेवाव्यात. माणसे जेथे थांबली, जेथे पैशांची देवघेव झाली, तेथेच नाणी हरवली, हा साधा हिशेब आहे. त्याहून उपयुक्त म्हणजे शेतांची नावे. १८३६च्या कायद्यानंतर धर्मकराच्या आकारणीसाठी गावोगाव नकाशे तयार झाले व त्यांत शेतांची नावे नोंदवली गेली. एखाद्या शेताचे नाव 'जत्रेचे शेत' वा 'प्रार्थनागृहाचे शेत' अशा अर्थाचे असेल, तर तेथे आज केवळ गहू डोलत असला तरी पूर्वी माणसांचा राबता होता असे मानण्यास जागा आहे.

नकाशानंतर माती. आपल्याकडे गावकरी 'काळी' आणि 'पांढरी' असा भेद करतात : काळी कसण्याची, पांढरी वस्तीची. वस्ती उठून गेली तरी राख आणि मातीच्या भिंती यांनी पांढुरकी झालेली जमीन ओळखू येते; दख्खनमधील कितीतरी प्राचीन वसाहतींचा माग पुरातत्त्वज्ञांनी याच खुणेवरून काढला. इंग्लंडच्या नांगरटीत रंग नेमके उलटे असतात. तेथे जुन्या वस्तीची माती भोवतालच्या शेतापेक्षा काळपट दिसते आणि तिच्यात खापऱ्या, कौलांचे तुकडे, समुद्रापासून दूरही कालवांचे शिंपले आढळतात. कोरड्या उन्हाळ्यात गाडलेल्या भिंतींवरचे पीक आधी पिवळे पडते, तेही पाहून ठेवावे. पीक निघाल्यापासून पुढची पेरणी होईपर्यंतचे काही आठवडे या कामाला सर्वांत चांगले. ओलसर मातीत यंत्राला खोलवरचेही जाणवते, हा अनेकांचा अनुभव आहे.

शोधकाच्या पदरी बहुतेक दिवस खिळे, बाटल्यांची झाकणे आणि बंदुकीच्या काडतुसांच्या टोप्या पडतात. हे ज्यांना सोसत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये.

जागा हेरली म्हणजे ती आपली झाली असे नव्हे. शेतातून सार्वजनिक पायवाट जात असली तरी त्या वाटेने चालण्याचाच हक्क असतो, खणण्याचा नाही. जमीनमालकाची आणि शेत कुळाकडे असल्यास त्याचीही परवानगी घ्यावी. सापडलेल्या वस्तूंच्या वाटणीचे आधीच लेखी ठरवावे. संरक्षित पुरातन स्थळी परवान्याविना यंत्र वापरणे हा १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे. लंडनमध्ये थेम्सच्या काठी ओहोटीत उघडी पडणारी जागा मोहक खरी, पण तेथे बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो.

१९९६च्या 'ट्रेझर अॅक्ट'नुसार इंग्लंड व वेल्समध्ये खजिना ठरू शकणारी वस्तू १४ दिवसांत कॉरोनरला कळवावी लागते. (हे पद पूर्वी मुंबईतही होते.) तीनशे वर्षांहून जुन्या सोन्याचांदीच्या वस्तू व नाण्यांचे साठे यांना तो लागू होता, २०२३पासून दोनशे वर्षांहून जुन्या, विशेष ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूही, धातू कोणताही असो, त्यात आल्या. हॉक्सनच्या लॉज यांनी हा कायदा नसतानाही अर्ध्यावर हात आवरून खबर दिली. तज्ज्ञांनी पुढील खोदकाम केले, म्हणूनच कुजून गेलेल्या लाकडी पेटीत कोणती वस्तू कोठे ठेवली होती तेही समजले. लॉज आणि शेतकरी यांना मोबदल्यापोटी साडेसतरा लाख पौंड मिळाले.

याउलट २०१५मध्ये हेरफर्डशायरमधील लेमस्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातील साठा सापडला. त्यांनी तो दडवला, नाणी विकली, आणि २०१९मध्ये दोघेही तुरुंगात गेले. सुमारे ३०० नाण्यांपैकी बहुतेक आजही बेपत्ता आहेत. जी हाती आली त्यांतील काहींवर आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ हे दोन राजे शेजारी बसलेले दिसतात. केओलवुल्फला व्हायकिंगांचे बाहुले ठरवणाऱ्या जुन्या इतिहासाला त्यामुळे हादरा बसला. उरलेल्या नाण्यांनी आणखी काय सांगितले असते?

महाराष्ट्रातील वाचकांनी मात्र यंत्र खरेदी करून गडाकडे निघू नये. संरक्षित स्मारकात परवानगीविना खणणे गुन्हा आहे आणि सापडलेल्या वस्तू नोंदवून घेणारी ब्रिटनसारखी व्यवस्था आपल्याकडे नाही. मार्च २०२५मध्ये 'छावा' चित्रपटानंतर बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोकांनी मोगलांच्या सोन्याच्या आशेने रात्री-अपरात्री शेते खणून काढली. जमीन जाणण्याशी या झुंडीचा संबंध नव्हता. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवलेला होता. मूठ-मूठ करून ती सोनाराच्या मुशीत गेली असती, तर नहपानाच्या पराभवाचा एवढा बोलका पुरावा उरला नसता.

विहीर खणताना वा नांगरताना जुने नाणे लागलेच, तर काम तेथेच थांबवावे, नाणी घासूनपुसून चकचकीत करू नयेत. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा आढळल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. नेमकी जागा, खोली आणि शेजारी काय होते, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे.