उंच माणसे आणि बदलती मापे

इतिहासाच्या अभ्यासकाला ‘सर्वांत श्रेष्ठ कोण?’ असे कोणी विचारले, तर त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. लोकांना मात्र हाच प्रश्न प्रिय असतो, आणि आमच्या मते तो अगदीच टाकाऊ नाही. त्याचे उत्तर शोधताना आपण कोणत्या मापाने मोजतो आहोत, हे तपासावे लागते. आणि तो तपास हेच इतिहासाचे काम होय. आज हा प्रश्न आम्ही अमेरिकेतील बास्केटबॉलमधल्या एका जागेपुरता घेणार आहोत. ती जागा सेंटरची, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळ उभ्या राहणाऱ्या, संघातील बहुधा सर्वांत उंच गड्याची.

१८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनी दहा फूट उंचीवर फळांच्या टोपल्या लावून हा खेळ सुरू केला. ती दहा फुटांची उंची आजही कायम आहे. बाकी पुष्कळ काही बदलले, आणि त्यांतील कितीतरी बदल उंच माणसांच्या धास्तीने झाले.

पहिले उदाहरण जॉर्ज मिकन याचे. सहा फूट दहा इंच उंचीचा हा चष्मेवाला तरुण महाविद्यालयात असताना खाली येणारा चेंडू बास्केटच्या तोंडावरूनच हाताने उडवून लावी. त्याच्या आणि बॉब कर्लंड या दुसऱ्या उंच खेळाडूच्या या करामतीमुळे १९४४ मध्ये महाविद्यालयीन खेळात तसे करण्यास बंदी आली. पुढे मिकन व्यावसायिक खेळात उतरला, आणि १९४९ ते १९५४ या सहा वर्षांत त्याच्या मिनियापोलिस लेकर्स संघाने पाच अजिंक्यपदे मिळवली. बास्केटखाली आखलेल्या पट्ट्यात चढाई करणाऱ्याला तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. एन.बी.ए. या व्यावसायिक संघटनेने १९५१ मध्ये तो पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला, तो मिकनला बास्केटपासून दूर ठेवण्यासाठी.

त्याआधी, २२ नोव्हेंबर १९५० रोजी, फोर्ट वेनच्या संघाने याहून सोपा उपाय शोधला होता. चेंडू मिकनच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी तो आपल्याकडेच धरून ठेवला. सामना १९-१८ असा संपला; लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मिकनचे होते. अशा रेंगाळत्या खेळाला लोक विटले, आणि १९५४ मध्ये २४ सेकंदांच्या आत बास्केटकडे चेंडू फेकलाच पाहिजे, असा नियम झाला.

तथापि मिकनचे मोठेपण सांगताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १९५० पर्यंत एन.बी.ए.मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेशच नव्हता. १९४८ मध्ये शिकागो येथे हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीय संघाने मिकनच्या लेकर्सला ६१-५९ असे हरवले होते. ज्या शर्यतीत निम्मे धावपटू दाराबाहेर उभे केले होते, तिच्यातील पहिल्या क्रमांकाला किती मान द्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नंतरच्या पिढीत बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन ही जोडी आली. चेंबरलेनचे आकडे आज वाचले तर छपाईत चूक झाली असावी असे वाटते. २ मार्च १९६२ रोजी हर्शी या गावी, जेमतेम चार हजार प्रेक्षकांसमोर, त्याने एका सामन्यात १०० गुण केले. त्या हंगामात त्याची सरासरी ५०.४ गुण होती. परंतु त्या काळी प्रत्येक संघ एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा नेम धरी. आज ही संख्या नव्वदीच्या आसपास आहे. नेम अधिक म्हणजे गुण अधिक, आणि चुकून परतणारे चेंडूही अधिक. एकाचे धान्य शेराने मापलेले, दुसऱ्याचे किलोने. नुसते आकडे शेजारी मांडून निवाडा कसा व्हावा? असे असूनही त्याच हंगामात खेळाडूंनी स्वतःच्या मतांनी सर्वोत्तम म्हणून निवडले ते रसेलला!

रसेल कारकिर्दीत सरासरी १५ च गुण करी. पण त्याच्या बॉस्टन सेल्टिक्सने १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे जिंकली, आणि अजिंक्यपदाच्या मार्गावर चेंबरलेनशी झालेल्या आठ लढतींपैकी सात त्याच्या संघाने मारल्या. प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू हवेतच अडवणे ही त्याची खरी विद्या. आणि तिची नोंद एन.बी.ए. १९७३ पर्यंत ठेवीतच नव्हती! जे मोजलेच गेले नाही ते घडलेच नाही असे मानणे, ही इतिहासातील जुनी अन्यायाची वाट आहे. रसेलवर तो अन्याय आजही सर्रास होतो.

आता तिसरा गडी, करीम अब्दुल-जब्बार. १९७१ पर्यंत त्याचे नाव ल्यू अल्सिंडर असे होते. १९६७ मध्ये, तो महाविद्यालयात असतानाच, चेंडू वरून बास्केटात दाबण्यास बंदी झाली; ती १९७६ पर्यंत टिकली. या बंदीत वर्णद्वेषाचा अंश होता, असे त्याने स्वतः म्हटले आहे. त्याने एका हाताने डोक्यावरून कमानीसारखा चेंडू सोडण्याचा डाव इतका घोटला, की तो अडवणे जवळजवळ कोणालाच साधले नाही. या डावाच्या बळावर तो एन.बी.ए.त वीस हंगाम खेळला, सहा अजिंक्यपदे व सहा वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्याच्या ३८,३८७ गुणांचा विक्रम १९८४ पासून त्याच्याच नावावर वाढत गेला आणि २०२३ मध्येच मोडला.

पुढे लेगॉसमध्ये हँडबॉल आणि फुटबॉल खेळून मग इकडे वळलेला हकीम ओलाजुवॉन आला; शॅकिल ओनील आला. २००१ मध्ये खेळाडूऐवजी जागा राखण्याच्या बचावाला मुभा मिळाली. तिचा भार ओनीलसारख्यांवर पडणार हे उघड होते, तरी २००२ चे अजिंक्यपद त्याच्याच लेकर्सने जिंकले. १९७९ मध्ये आलेल्या तीन गुणांच्या रेषेने हळूहळू खेळ बास्केटपासून दूर ओढला, आणि २०१२ मध्ये तारांकित सामन्याच्या मतपत्रिकेतून सेंटर हा रकानाच काढून टाकला गेला. ही जागा संपली असे वाटत असता सर्बियाच्या निकोला योकिचने २०२१, २०२२ आणि २०२४ साली सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, तोही मुख्यतः सहकाऱ्यांना चेंडू पुरवण्याच्या कलेवर.

तर मग श्रेष्ठ कोण? विजयच मोजायचे तर रसेल, आणि एका माणसाची ताकद मोजायची तर चेंबरलेन. परंतु निरनिराळ्या काळांची तुलना करायची असेल, तर आमचे मत करीमच्या बाजूने पडते. १९६९ नंतर तो चेंबरलेनशी भिडला, आणि निवृत्तीपूर्वी, ऐंशीच्या दशकात, ओलाजुवॉनशीही. तीन गुणांच्या रेषेच्या आधी तो जिंकला आणि नंतरही जिंकला; १९७१ मध्ये अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १९८५ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, पुन्हा ठरला. इतरांना त्यांच्या काळाच्या एकेका मापाने मोजावे लागते. करीमला अनेक मापे लावून झाली, त्यांतले एक तर त्याला रोखण्यासाठीच बनवलेले होते, आणि प्रत्येक मापात तो भरला. श्रोत्यांपैकी कोणाचा कौल वेगळा पडेल; त्यास आमची हरकत नाही. कौल देण्यापूर्वी हातातले माप कोणाचे, हे मात्र त्यांनी पाहावे, इतकीच आमची विनंती आहे.