शिंपल्यातील पर्जन्यदप्तर

जुन्नर तालुक्याच्या पूर्व सरहद्दीवरचे आणे हे पठारावरचे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाटात पाऊस कोसळत असताना येथील शेतकरी मात्र बाजरीच्या पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. या मुलखाने मध्ययुगातील दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण पिढ्यानुपिढ्या जपली. परंतु जमाबंदीची दप्तरे काही शतकांपलीकडे जात नाहीत, आणि सरकारी हवामान खाते तर १८७५ सालचे. त्याआधीच्या पावसाची साक्ष काढावयाची, तर ज्या समुद्रावरून तो येतो त्यालाच विचारावे लागते.

ती साक्ष शिंपल्यात असते. समुद्रजीव आपले कवच थरावर थर चढवून वाढवितो, आणि पाणी थंड असेल तर त्या थरांत जड प्राणवायूचे प्रमाण किंचित वाढते. म्हणून वाढरेषांना धरून सूक्ष्म छिद्रणीने चिमूटभर भुकटी काढतात, ती आम्लात विरघळवितात आणि निघालेल्या वायूतील जड व हलक्या अणूंचे गुणोत्तर मोजतात. रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील ज्युरासिक काळातील बेलेम्नाइट या समुद्रजीवाच्या एका जीवाश्माचे असेच परीक्षण केले, तेव्हा त्या जीवाने पाहिलेले तीन उन्हाळे व चार हिवाळे त्यांना ओळीने वाचता आले. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे ऋतुचक्र इतक्या नेमकेपणाने हाती यावे, याहून विस्मयकारक इतिहाससाधन मला ठाऊक नाही.

आपल्या किनाऱ्यावर मात्र वाचन अधिक बिकट होते, कारण पावसाळ्यात नद्यांचे हलके, गोडे पाणी खाडीत उतरते आणि तेही शिंपल्यात नोंदले जाते. तापमान कोणते व पूर कोणता, हे विवेकानेच ठरवावे लागते. खोल समुद्रात साक्ष निराळी. नैर्ऋत्य वारा ओमानच्या किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर आणतो, तेव्हा ग्लोबिजेरिना बुलॉइडिस हा सूक्ष्म जीव तेथे विपुल होतो; गाळातील त्याच्या कवचांवरून मान्सून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी प्रबळ होता व पुढे क्षीण होत गेला, असे दिसते.

जुन्नरची कुकडी नदी ज्या घोड नदीला मिळते तिच्याच काठी इनामगाव आहे. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास उठली, आणि तिच्या ऱ्हासाच्या मुळाशी वाढती अवर्षणे होती, असे मत पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले. परंतु हजारो वर्षांचा कल सांगणारा समुद्रातील गाळ इनामगावच्या एखाद्या वर्षाची साक्ष देऊ शकत नाही. ती त्याच काळातील किनाऱ्यावरच्या शिंपल्यांतच मिळेल. म्हणून कोकणात उत्खनन करणाऱ्यांनी शिंपले कचऱ्यात न टाकता, कोणता शिंपला कोणत्या थरात सापडला याची नोंद करून ते जतन करावेत.