धरणकामगारांच्या वस्त्या, जालना जिल्हा

तलाव, पाझर तलाव, कालवे आणि मातीची धरणे यांवर राबलेल्या वडार, बेलदार व इतर मजुरांच्या वस्त्या. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे तालुके मिळून झाला. इथले मातीकाम त्याहून कितीतरी जुने आहे. जालना शहराचा मोती तलाव जमशेदखानाने बांधवला, असे गॅझेटियर सांगते. कुंडलिका नदीवरचा घाणेवाडी तलाव (संत गाडगेबाबा जलाशय) निजामकाळात, १९३०च्या दशकात झाला. तिथले पाणी केवळ उताराने शहरात येते. पुढे दुधना, जुई, धामना या नद्यांवर धरणे झाली. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली. त्याचा दोनशे किलोमीटरहून लांब डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या भागांतून परभणीकडे जातो.

जिल्ह्यात खाली काळा पाषाण, वर मुरूम आणि त्यावर काळी माती. त्यामुळे इथले धरण बहुतेक मातीचेच. गाभ्यात पाणी अडवणारी चिकण काळी माती, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडच्या उतारावर दगडी पिचिंग आणि एका बाजूला सांडवा, अशी त्याची रचना. वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचे, बैलांनी ओढलेला दगडी रूळ फिरवायचा. रूळ पोचत नाही तिथे धुम्मसाने ठोकायचे. थर कोरडा राहिला तर भेग पडते, फार ओला झाला तर तो रुळाखाली दबत नाही. मुठीत गोळा वळून ओल जोखणारा हात वर्षानुवर्षांच्या कामातूनच तयार होतो. सरकारी दरपत्रकात मात्र हे काम ‘अकुशल’ या सदरात पडले. तो या लोकांवर झालेला मोठा अन्याय आहे.

वडार समाजात कामावरून पोटभेद पडले : मातीकाम करणारे माती वडार, बसक्या गाडीतून दगड वाहणारे गाडी वडार, जाती-पाटे घडवणारे पाथरवट. घरातली बोली तेलुगू वळणाची, बाहेर मराठी. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. कामाजवळ पाले पडत, काम संपले की गाढवांवर संसार लादून पुढचा मुक्काम. पुरुष टिकावाने खणत, बायका डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी वाहत. तान्हे मूल झाडाला बांधलेल्या झोळीत. तीन दगडांची चूल, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. मजुरी खणलेल्या मातीवर ठरे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल चौकडी म्हणजे शंभर घनफूट, एक ब्रास. मोजणी होईपर्यंत खड्ड्याच्या मध्यात मातीचा एक खांब मूळ उंचीचा तसाच राखत, कारण किती खणले याचा तोच पुरावा. जुन्या पाझर तलावांच्या आसपास असे उंचवटे अजूनही आढळतात.

१९७२च्या दुष्काळाने हे काम सगळ्यांचे झाले. जमिनीचा धनी असलेला शेतकरीही खडी फोडायला बसला, ज्या बायकांनी कधी मजुरी केली नव्हती त्यांनी पाटी उचलली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. हजेरीपट, मुकादम, आठवड्याचा पगार, लाल मिलो आणि सुकडी हे शब्द इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही सहज येतात. त्या काळात पाझर तलाव आणि नालाबांध मोठ्या प्रमाणावर झाले. या अनुभवातून वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. तिचा कायदा १९७७ मध्ये मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

जेसीबी आणि टिपर आल्यावर हातकाम आटले. २०१२-१३च्या दुष्काळात घाणेवाडी तलाव कोरडा पडला, तेव्हा लोकसहभागातून गाळ काढला गेला तोही यंत्रांनी. पालांच्या जागी पक्की घरे झाली; पुढची पिढी बांधकामावर, दगडखाणीत किंवा छोट्या ठेकेदारीत आहे. पहार, घण, सुतकी, छन्नी ही अवजारे काही घरांत शिल्लक आहेत. घाणेवाडीच्या बांधावर राबलेल्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. जुने हजेरीपट मिळाले तर ती निदान काही प्रमाणात जुळवता येतील, आणि हे काम कोणीतरी हाती घ्यायला हवे.