थंडीने नाही, उबेने मेलेली झाडं

आजचा भाग ऐकताना हातात चहाचा कप असेल तर उत्तमच, कारण आजची गोष्ट चहाच्या बहिणीची आहे. चहाच्या झाडाचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. त्याच घराण्यातली दुसरी एक आहे कॅमेलिया जापोनिका. हिची लागवड फुलांसाठी होते. चकचकीत हिरवी पानं, आणि हिवाळा संपता संपता, बाकीची बाग उघडीबोडकी असताना येणारी लाल, गुलाबी, पांढरी फुलं.

चला, १७३९ च्या सुमारास जाऊ. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात थॉर्नडन हॉल नावाचा वाडा होता. मालक लॉर्ड पीटर, वय पंचविशीच्या आसपास, आणि झाडांचं प्रचंड वेड. इंग्लंडमधल्या पहिल्या कॅमेलिया याच्याकडे होत्या असं मानतात. जॉर्ज एडवर्ड्स नावाच्या चित्रकाराने त्याच काळात पक्ष्यांची चित्रं काढली. त्यातल्या एका चिनी पक्ष्याजवळ त्याने हेच फूल दाखवलंय.

आता विचार करा. पूर्वेकडून महिनोन्‌महिने जहाजातून आलेलं महागडं झाड. ते कुठे ठेवणार? सगळ्यात उबदार जागी! त्या काळी भट्टीने तापवलेल्या काचघराला इंग्लंडमध्ये चक्क ‘स्टोव्ह’ म्हणायचे. अननस पिकवायचे तिथे. कॅमेलियाही तिथेच गेली. आणि मेली. असं सांगतात, की पुढे लॉर्ड पीटरचा माळी जेम्स गॉर्डन याने थंड काचघरात ठेवून ती जगवली. लॉर्ड पीटर स्वतः १७४२ मध्ये देवीच्या रोगाने गेला, अवघ्या २९ व्या वर्षी.

पण ‘हे नाजूक झाड आहे’ हा समज काही गेला नाही. १८१३ मध्ये लंडनजवळ चिझिक हाउसच्या बागेत सुमारे ३०० फूट लांबीचं काचघर उभं राहिलं, आणि १८२८ पासून तिथे कॅमेलिया लावल्या गेल्या. १८४५ पर्यंत इंग्लंडमध्ये काचेवर कर होता, हे लक्षात घ्या. म्हणजे काचेखालची कॅमेलिया ही श्रीमंतीची पाटीच होती.

गंमत अशी, की जपानमध्ये हेच झाड पार उत्तरेला, बर्फाळ आओमोरीपर्यंत रानात वाढतं. तिची एक जातभाई तर ‘युकित्सुबाकी’, म्हणजे बर्फाची कॅमेलिया. निइगातासारख्या भागात तिच्या लवचिक फांद्या बर्फाखाली आडव्या होतात आणि हिवाळाभर तशाच राहतात. बर्फाच्या थराखाली तापमान शून्याच्या आसपास टिकतं. बोचरं वारं लागत नाही. बर्फच तिची गोधडी!

मग इंग्रजांना इतकी वर्षं हे कळलं कसं नाही? माझा अंदाज सांगते. थंडी सोसणारं झाड थंडीची तयारी करतं. दिवस लहान होऊ लागले, गारवा वाढला, की पेशींमध्ये साखर वाढते. बर्फ झालाच तर पेशींच्या आत न होता बाहेरच्या फटींमध्ये होतो. काचघरात लाडाने वाढलेल्या झाडाची ही तयारी होतच नाही. त्याला अचानक बाहेर काढलं, तर ते मार खाणारच. मग माळी म्हणणार, “बघा, सांगितलं नव्हतं? नाजूकच आहे!” चुकीचा समज असा स्वतःलाच खरा ठरवत राहतो.

कॅमेलियाला खरा धोका कशाचा, ते नंतर हळूहळू उमगलं. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो ना, तसं रात्री कळ्यांवर हिम धरतं. सकाळचं कडक ऊन पडलं की गोठलेल्या कळ्या झपकन वितळतात आणि तपकिरी पडतात. म्हणून ती पूर्वेच्या भिंतीला लावायची नाही. जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही, आणि वारा पानं सुकवतो. म्हणून बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर द्यायचा आणि वाऱ्याला आडोसा करायचा. कुंडीत मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते, म्हणून कुंडीला गोणपाट गुंडाळायचं. बस, एवढंच. भट्टी नको, कोळसा नको.

कोळशावरून आठवलं. चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टनने बांधलेलं ‘ग्रेट स्टोव्ह’ हे अवाढव्य काचघर होतं. पहिल्या महायुद्धात त्याला तापवायला कोळसा मिळाला नाही. आतली उष्ण प्रदेशातली झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते पाडलं गेलं. त्या झाडांना ऊब खरंच हवी होती. कॅमेलियाला नको होती. आज ती ब्रिटनच्या साध्यासुध्या घरांसमोर उघड्यावर फुलते.

मी स्वतः गॅलरीतली दोन रोपं पाणी घालून घालून मारली आहेत. काळजी भरपूर होती हो. फक्त त्यांना काय हवंय, ते मी विचारलंच नव्हतं. लॉर्ड पीटरचंही तेच झालं असावं.

तुम्ही कुठलं झाड असं लाडाने मारलंय का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर चहा घ्या, गार होतोय!